माई बसायच्या ती जागा

यंदा भादव्यात एका सकाळी निधीचा फोन आला. निधी म्हणजे आमच्या माईंची नात. तिला मराठी सगळी कळते, बोलताना मात्र अर्ध्यातच हिंदीत शिरते. "आजी, माई... चली गईं. चहा मागितला, अन् घेतलाच नाही." काही बोलल्या का, मी विचारलं. "तेच रोजचं. बांध भरला का? मी म्हटलं, भर गया. मग बस, मान हलवली." माई माझ्या थोरल्या जाऊबाई. शेवटची चौकशी केली तीही वावराची, माझ्या गुडघ्यांची नाही. यावरून त्यांच्याशी भांडायचं राहूनच गेलं...

मी नागपूरकडून लग्न होऊन इथे जबलपूरला आले तेव्हा राज्यं नव्यानं आखली जाऊन काही वर्षं झाली होती. नागपूर तिकडे मराठी राज्यात गेलं, जबलपूर इकडे हिंदी राज्यात राहिलं, आणि आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात जेवायला बसलं की विषय एकच, आपण आता कुठले? दोघे भाऊ, म्हणजे आमचे नवरे, कारखान्यात नोकरीला. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, म्हणायचे, नर्मदेच्या खोऱ्यातलं ते वावर विकू, नागपूरला घर बांधू, आपल्या माणसांत राहू. वावर पाहायच्या माई. सकाळच्या बसनं जायच्या. त्यांना उशीर झाला तर ड्रायव्हर थांबायचा, कारण न थांबल्यास दुसऱ्या दिवशी काय ऐकावं लागतं ते त्याला ठाऊक होतं. वावर विकायचं निघालं की त्या ताटावरून उठायच्या. शेवटी मामाजींनी शहरातल्या नेपियर टाउनमधलं एक गिऱ्हाईक ठरवलंच आणि भादव्यातल्या एका दुपारी त्याला वावर दाखवायला न्यायचं ठरलं. त्या सकाळी माई मला घेऊन पुढे गेल्या.

आता माझं ऐका. मी कापसाच्या मुलखातली, शेतकऱ्याची लेक. जबलपूरच्या लोकांना शेतीतलं काय कळतंय, अशी माझी पक्की समजूत. डोक्यात इतकी हवा की पदर खोचला नसता तर उडूनच गेले असते. वावरात पोचले आणि पाहते तर काय, चारी बाजूंनी उंच बांध आणि मधे गुडघाभर पाणी. पिकाचं पान नाही. आमच्याकडे कपाशीत असं पाणी थांबलं तर घरात सुतक पाळतील. मला वाटलं, सासर बुडालं आणि या भोळ्या माणसांना पत्ताच नाही. माई झोपडीत चूल पेटवत होत्या. मी कुदळ उचलली आणि बांध फोडला. पाणी धो धो निघालं, आणि मी कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट पाहत उभी राहिले.

इकडची रीत मला कुणी सांगितलीच नव्हती, आणि विचारायला मी कशाला जाते? इथल्या काळ्या जमिनीत पावसाचं पाणी बांध घालून पावसाळाभर शेतातच कोंडतात, आश्विनात सोडतात आणि त्या ओलीवर गहू पेरतात. मग विहीर नको की पाट नको. पाणी आधीच गेलं तर गहूही गेला.

खालच्या शेतातून शेजारचे दद्दा ओरडले, "ए बहूजी, अबै से पानी काहे छोड़ दओ?" माई धावत आल्या. एक नजर माझ्याकडे, एक भगदाडाकडे. ओंजळभर चिखल टाकला तर तो वाहून गेला. मग त्या नऊवारीनिशी सरळ त्या भगदाडातच बसल्या. पाणी थांबलं. "पाहून काय राहिली वं, माती आण," त्या म्हणाल्या. मी रडत रडत ओंजळी भरू लागले.

तेवढ्यात गिऱ्हाईक घेऊन मामाजी हजर.

"काहून गं, तिथं काहून बसली?"

"वावर धरून बसली आहे मामाजी. विकायचं तर माझ्यासकट विका. मी काही उठत नाही."

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोपरापर्यंत चिखलानं माखलेल्या माझ्याकडे. त्यांना वाटलं, दोघी सुना मिळून वावर वाचवून राहिल्या. धाकटी तर नागपूरची असून! माईंनी खरं सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. मामाजींनी कोट काढून दद्दांच्या हाती दिला आणि स्वतः माती उचलायला लागले. गिऱ्हाईक थोडा वेळ आपले बूट पाहत राहिलं आणि टांग्यात जाऊन बसलं. त्या वर्षी गहू असा आला की नागपूरच्या घराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दद्दांनी त्या जागेचं नाव ठेवलं 'नई बहू'. माई म्हणाल्या, "हिनं जागा पसंत केलीच आहे, तर पाणी इथूनच सोडू." तेव्हापासून दर आश्विनात पहिली कुदळ माझी. पण त्याआधी माई तिथे बसणार, पानाचा विडा संपवणार, मगच उठणार. "तुझा काय भरवसा," म्हणायच्या. पुढे आजूबाजूला पंप आले, लोकांनी बांध मोडून सोयाबीन घातलं. माईंचा बांध तसाच उभा राहिला. शेतीचं शिकणारी मुलं तो पाहायला आली की माई मला पुढे ढकलायच्या. "ही पाहा, फोडणारी." आणि स्वतः धरून बसल्या होत्या, ते मला सांगायला लावायच्या.

परवा पाणी सोडलं. निधीनं कुदळ हातात दिली. मी ती बाजूला ठेवली आणि गुडघ्यांची विनवणी करत खाली बसले.

"आजी, साडी खराब होईल. काहून बसून राहिली?"

"विडा संपू दे," मी म्हटलं, आणि जराशी सरकून बसले. माईंना जागा ऐसपैस लागायची.