खुंटीवाली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तेरा आकडे वाचणं. रविवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. फोनची वायर दारातून ओढून शोभाची माय ओट्यावर बसली होती. मी समोर चवड्यावर, हातात कागद आणि पेन्सिलीचा तुकडा. आमची लेक शोभा औरंगाबादहून फोनवर एकेक आकडा सांगायची, माय तो मोठ्यानं म्हणायची आणि मी कागदावर खूण करायचो. एवढंच काम. ते कशासाठी चाललंय हे मला तेव्हा धड कळलं नव्हतं. आजही पुरतं कळलंय असं नाही. पण त्या कामात मी एक चूक केली, ती मात्र चांगली कळली आहे.

बदनापूरच्या आजूबाजूला शोभाच्या मायला खुंटीवाली म्हणत. मी गवंडी, तिसरी शिकलेलो. ती सातवी पास. एक्याऐंशी साली आम्ही हसनाबादकडून इकडं आलो आणि ती बियाण्याच्या एका मळ्यावर रोजानं जायला लागली. तिथं कपाशीचं क्रॉसिंग चालायचं. एका झाडाच्या फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावायचा, आणि हे काम सगळं बायांचं. मळ्याचे लहान लहान प्लॉट पाडलेले, प्रत्येक प्लॉटाच्या तोंडाशी नंबराची लाकडी खुंटी. कोणत्या प्लॉटात आज जायचं त्या नंबरांची यादी करायचं काम दोन वर्षांत हिच्याकडं आलं, आणि मग मरेपर्यंत गेलं नाही.

तिच्या खुंटीवर तीन आकडे असायचे. सात असले तरी ००७, बारा असले तरी ०१२. त्याला कारण होतं. पहिल्याच साली बैलाच्या पायाखाली एक खुंटी मोडली. उरलेल्या तुकड्यावर नुसतं १२ दिसत होतं. हा मुळातला बारा, का एकशे बारातला पहिला एक मोडून गेलाय, यावर अर्धा दिवस भांडण झालं. तेव्हापासून हिचा कायदा, तीन आकडे दिसले तरच खुंटी साबूत समजायची. मळ्यावरचे साहेब हसले. म्हणाले, “बाई, बारा लिहायला शून्याचा रंग कशाला वाया घालवता?” ही म्हणाली, “शून्य न्हाई साहेब ते. राखणदार हाय त्यो.”

दुसरा कायदा बायांना छळायचा. ओळीत एक खुंटी चुकलेली निघाली, की ती ओळ परत पहिल्या खुंटीपासून बघायची. भादव्याच्या उन्हात वीस बाया मागं फिरायच्या आणि हिला शिव्या द्यायच्या. “ह्या खुंटीवालीच्या पायी आमच्या पायाची सालटं गेली गं माय!” हिचं उत्तर ठरलेलं होतं. “फुलाचा बाप बदलला तर फूल बोलत न्हाई. पुढच्या सालाला पीक बोलतं. तव्हा मंग कुनाकुनाची तोंडं धराल?” तेवीस वर्षांत तिच्या यादीवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. दागिना म्हणून तिच्याकडं तेवढंच होतं, आणि ते ती मिरवायचीही.

यादीतल्या शेवटच्या आकड्यानंतर ती पूर्णविराम द्यायची नाही. स्वल्पविराम द्यायची. एखादी हरवलेली खुंटी चिखलातून उद्या सापडायची, तिला जागा नको का? घरातही तेच. बाजाराच्या चिठ्ठीवर गूळ, शेंगदाणे, काडेपेटी, आणि पुढं स्वल्पविराम. दुकानदार मला विचारायचा, “मिस्त्री, पुढं काय?” मी म्हणायचो, “तिला ठावं. मला कुठं सांगती?”

शोभा कॉम्प्युटर शिकली. नोकरी लागायच्या आधी तिनं मायच्या मळ्यासाठी एक प्रोग्राम करून दिला. मायची यादी तिथला माणूस त्यात भरायचा आणि मशीन प्रत्येक बाईच्या नावाचा कागद काढायचं, आज तू अमुक प्लॉटात जा म्हणून. पाच वर्षं तो बिनबोभाट चालला. मग शोभाच्याच डोक्यात आलं, की यादी वाचायचा जो भाग आहे तो आपण शिकाऊ असताना लिहिला, आता बघायची लाज वाटते, नव्यानं लिहू. लिहिला. आणि तपासायला दोन छापील कागद घेऊन घरी आली. काही ओळींच्या पुढं वजा, काही ओळींच्या पुढं अधिक. मी विचारलं, “वजा गेलं, अधिक झालं, मंग बाकी किती उरली?”

शोभा हसली. “बाबा, हिशोब नाही हा. वजा म्हणजे जुनी ओळ काढली. अधिक म्हणजे नवी घातली.”

“काढली तर काढली. मंग छापून कशाला आनली?”

उत्तर मायनं दिलं. कागदावरचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, पण तिनं वजावाल्या ओळी मोजल्या, चाळीस. अधिकवाल्या मोजल्या, अकरा. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “अवो मिस्त्री, जुनी भित पाडून त्याच मापाची नवी बांधली आन् दगडाचा ढीग उरला, तर तुमी काय म्हनता?”

“म्हनतो, भित पोकळ हाय.”

“बराबर. मंग आपल्याला ह्यातली पोकळी हुडकायची.” आणि शोभाला म्हणाली, “तू शिकवू नको मला. मी एक यादी देते, वाकडीतिकडी. तुझी नवी मशीन ती कशी वाचती ते मला रविवारी फोनवर सांग. मी बराबर म्हनल्याबिगर चालू करायचं न्हाई.”

सोमवारी मळ्यावर त्या सालाचं क्रॉसिंग सुरू होणार होतं. शोभानं तिथं कबूल केलं होतं, की सोमवारी नवा प्रोग्राम देते. सगळं मायच्या एका शब्दावर अडलं होतं.

रविवारची यादी अशी होती: ००३, ००७, ०१२, ११०, १४१, २०५–२११, ३१४, आणि शेवटी तिचा तो स्वल्पविराम. दोनशे पाचपासून दोनशे अकरापर्यंत सात प्लॉट धरले तर एकूण तेरा. पहिल्या वेळी शोभा सांगत गेली, माय म्हणत गेली, मी खुणा करत गेलो, आणि शेवटी माय म्हणाली, “शून्य.”

मी म्हणलो, “शून्य कशाचं? तेरा पायजेत, चौदा झाले.”

शोभानं तिकडं बघितलं. शेवटच्या स्वल्पविरामानंतर काही नाही, तर मशीन त्या काही नाहीला शून्य समजत होतं. शून्य नंबराचा प्लॉट जगात नाही. माय माझ्याकडं बघून म्हणाली, “आज कामाला आलात, मिस्त्री.” बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं चारदा म्हणलं असेल. मी फुगलो.

शोभानं तिथल्या तिथं दुरुस्त केलं. कायद्याप्रमाणं परत पहिल्यापासून वाचलं. या वेळी तेराच आले. मी जोरात म्हणलो, “बराबर!”

मायनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “शोभा, आज चालू करू नको. मधी कुठंतरी दाताखाली खडा आल्यावानी झालं. आता डोकं चालंना. उद्या सकाळी परत वाचू.”

मी चिडलो. “मी बराबर म्हनलो की! माझ्यावर इस्वास न्हाई का?”

“हाय की,” ती म्हणाली. “मंग उद्या परत बराबर म्हना. पैसे पडत्यात का?”

दुपारी आम्ही भाकरी आणि मुगाची उसळ खाल्ली. ती म्हणाली, जरा पडते. भिंतीकडं तोंड करून पडली. दीडच्या सुमाराला मी विचारलं, “चहा ठेवू का?” उत्तर नाही. परत विचारलं. तिसऱ्यांदा ओरडलो, “बहिरी झालीस का गं?” हे मी तिला बोललेलं शेवटचं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा ती ऐकायला नव्हतीच. त्यांना काय जातंय म्हणायला.

शोभा तीनपर्यंत आली. उजेड होता तोवर सगळं उरकलं.

सोमवारी सकाळी घरात चूल पेटवायची नव्हती. माझी बहीण तिच्या घरून पिठलं-भाकरी घेऊन आली. मळ्यावरच्या माणसाचा फोन आला, दुःखाचं बोलला, कामाचं एक अक्षर काढलं नाही. पण आज काय आहे ते शोभाला ठाऊक होतं. आदल्या दिवशीच्या गडबडीत तिची ऑफिसची बॅग तशीच खांद्यावर आली होती. तिनं त्यातला मांडीवरचा कॉम्प्युटर काढला, फोनची वायर त्याला लावली. डोळे सुजलेले. म्हणाली, “बाबा, तुम्ही बराबर म्हणाला होता ना काल? मग पाठवून देते. मायचंच काम आहे, राहायला नको.”

मी हो म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. कोनाड्यात कालचा कागद होता, तो काढला. तेरा आकडे, दुसऱ्या वेळच्या तेरा खुणा, एकाखाली एक, विटांच्या थरासारख्या सरळ. इतक्या सरळ खुणा आकड्याकडं बघून होत नाहीत. मी आयुष्यभर विटा मोजल्या. ट्रकातून वीट उतरते, एक रेघ. उतरते, एक रेघ. विटेचं तोंड कोण बघतो? काल मायनं एक आकडा म्हणला की मी एक रेघ ओढली होती. पहिल्या वेळी मोजूनच चूक सापडली, म्हणून दुसऱ्या वेळीही नुसतं मोजलं.

“थांब,” मी म्हणलो. “पाठवू नको. मी मोजलं शोभा. वाचलं न्हाई.”

तिला समजेना. मी ओट्यावर मायच्या जागेवर बसलो, खांबाला पाठ लावून. “तुझी माय काय म्हनली होती? सकाळी परत वाचू. सकाळ झाली. सांग.”

बहीण आतून म्हणाली, “आरं दादा, कालची राख गार झाली न्हाई, सुतकात हे काय मांडलं?”

“तिचंच मांडलंय,” मी म्हणलो. “तू भाकरी झाकून ठेव.”

शोभा वाचायला लागली. “तीन.” मी ००३ वर बोट ठेवलं. “सात.” ००७. “दहा.”

बोट ०१२ वर होतं. मी म्हणलो, “परत सांग.”

“दहा.”

“हितं बारा हाय. तुझ्या मायचा बारा.”

शोभानं कपाळाला हात लावला. मला समजावलं, की आकड्याच्या आधी शून्य लावलं तर हे नवं मशीन दहादहानं मोजायचं सोडून आठाआठानं मोजतं. एक आठ आणि वर दोन, म्हणून दहा. मी म्हणलो, “कोनत्या गावात आठाआठानं मोजत्यात?” ती रडत होती, त्यातच हसली. मग तिनं ते छापील कागद काढले, वजाच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबली. आकडा वाचायच्या आधी सुरुवातीची शून्यं काढून टाक, अशी ती ओळ होती. मायनं तेव्हा सांगितलं होतं म्हणून तिनंच घातलेली. नव्यात राहून गेली होती. पाच वर्षं चाललेल्या भिंतीतला तो दगड, आणि आम्ही तो ढिगात टाकला होता. काढलेल्या ओळी कशाला छापतात ते मला त्या दिवशी कळलं. बाकीचं अजून कळत नाही. मायला तो खडा नक्की कुठं लागला होता, तिला दहा ऐकू आलं होतं, का माझ्या ‘बराबर’चा आवाजच तिला पोकळ वाटला, हे आता कुणाला विचारू?

शोभानं ओळ परत घातली. म्हणाली, “झालं बाबा. आता बारा म्हणजे बाराच येतंय. पाठवू?”

“न्हाई. पहिल्यापासून.”

“अहो, बाकीचे बारा प्लॉट बरोबरच आहेत.”

“एक चुकलं की पहिल्यापासून.”

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर सगळी यादी माझ्या हातानं उतरवली. वेळ लागला, माझा हात थापीचा, पेन्सिलीचा नाही. राखणदार शून्यं सगळी लिहिली. तीनशे चौदाच्या पुढं स्वल्पविराम दिला.

“सांग,” मी म्हणलो.

“तीन,” शोभा म्हणाली.

मी ००३ कडं नीट बघितलं, आणि मग खूण केली.