चौरंगावरचा तंबोरा

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. मिरजेचा तंबोरा घेऊन मी कानडी मुलखात, मल्लेश्वरमला सासरी आले. गाणं सोडायला लावणार नाही, असं ह्यांनी लग्नाआधीच कबूल केलं होतं. मागच्या खोलीची जमीन मातीची, म्हणून तंबोऱ्यासाठी ह्यांनी स्वतः चौरंग आणला आणि त्याचे चारही पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवले. मी भाळले, दुसरं काय.

ह्यांना वाळवीचं भारी वेड. परसात आंब्याच्या काटक्या पुरायचे आणि रविवारी खुरप्यानं वरची माती अलगद काढून मला हाक मारायचे. "ये, स्वल्प खाली वाक." वाळवी आंधळी, पण उगाच सगळीकडे उकरत बसत नाही. एका जागेवरून बोगदे चहूकडे निघतात, पुढे त्यांना फाटे फुटतात, पण ते एकमेकांच्या आड सहसा येत नाहीत. एकदा धुंडाळलेली माती पुन्हा धुंडाळण्यात ती दम घालवत नाही. कुठे लाकूड लागलं की सगळी फौज तिकडे वळते, तो बोगदा रुंद होतो आणि बाकीच्या वाटा मातीनं बुजतात. "एकदा खाणं सापडलं की मग सोडत नाही बघ," हे सांगायचे. नवरा बायकोला असलं काही शिकवतो, याचंच मला केवढं कौतुक.

पहिल्या बाळंतपणाला मी बेळगावला माहेरी गेले. परत आले ती बाळाला कडेवर घेऊनच मागच्या खोलीत शिरले. तंबोरा भुईवर होता. गवसणी काढली तर भोपळा पापडासारखा मोडला. आत नुसती माती. आधी कोपऱ्यात असायची ती ह्यांची पुस्तकं मात्र तिथे नव्हती.

"वाळवी लागली. माझ्या लक्षातच राहिलं नाही," हे म्हणाले. "आणि आता बाळ आहे, तुला गायला वेळ कुठला मिळणार?"

"सरी," मी ह्यांच्याच कानडीत 'बरं' म्हटलं. विसरतो माणूस, अशी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी दिवा लावायला पुढच्या खोलीत गेले. ह्यांची पुस्तकं तिथे धडधाकट होती, माझ्या चौरंगावर. चारही वाट्यांत ताजं रॉकेल. इतका दगा मला उभ्या जन्मात कुणी दिला नाही. चौरंग मोकळा करायला ह्यांनी तंबोरा दोन्ही हातांनी उचलला होता, आणि त्याच हातांनी मातीवर ठेवला होता.