कलमाखालचा फुटवा

सेलेदोनिओ अर्चुलेताने सप्टेंबरात पेकनच्या, म्हणजे अक्रोडाच्या कुळातल्या झाडाला पाणी दिले, ते मायेपोटी. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडील आमच्या कोरड्या खोऱ्यात पाटाचे पाणी पाळीनेच मिळते. शरदात इतरांची गरज सरली, की उरलेली पाळी मागेल त्याची. झाड त्याच्या बायकोच्या, रुफिनाच्या माहेरचे होते. दक्षिणेतल्या उबदार मुलखातली तिच्या वडिलांची बाग त्यांच्यामागे तोडली गेली. त्या जातीचे हे एकच कलम उरले होते.

"काका, आता त्याला तहानेलं राहू दे," पाटकरी ओनोफ्रे म्हणाला. "थंडीआधी लाकूड पिकायला हवं. पाणी पाजून जागं ठेवशील त्याला."

"बायकोला तहानेलं ठेवतोस का रे?"

"तीच ठेवते मला."

ऑक्टोबर लागताच कडक हिव पडले. रसाने फुगलेली साल उभी तडकली. जून उजाडला तरी फांद्या काळ्याच होत्या. मग बुंध्याशी हिरवे कोंब दिसले.

"बाबांचं झाड परतलं," रुफिना म्हणाली.

सेलेदोनिओने वाकून पाहिले. कोंब कलमाच्या गाठीखालून, म्हणजे ज्यावर कलम बांधले होते त्या रानटी खुंटातून फुटले होते. तिच्या वडिलांची जात गाठीवरच संपली होती. त्याने गाठ झाकेल एवढी माती ओढली.

"मुळांना ऊब हवी," तो म्हणाला.

त्यानंतर दर शरदात तो भर घालीत राहिला. थंड मुलखात त्याचे कुणाला नवल वाटले नाही.

झाडाला पहिली फळे धरली, तेव्हा रुफिना अंथरुणाला खिळली होती. त्याने ओंजळभर नेली: बारीक, जाड कवचाची. तिने एक मुठीत दाबले आणि त्याच्याकडे परत दिले.

"बाबांची दोन बोटांत फुटायची."

तो ते फळ बोटांत फिरवू लागला.

"बागवानाची पोर मी. माती कुणासाठी ओढत होतास, म्हाताऱ्या?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका वाकायचास. म्हटलं, वाकू दे."

त्याने हातोडी आणली. आतला गर कडवट होता. दोघांनी तो वाटून खाल्ला.

रुफिना त्याच हिवाळ्यात गेली. पुढल्या शरदात सेलेदोनिओने फावडे घेतले आणि वर्षानुवर्षांची माती हाताला गाठ लागेपर्यंत बाजूला केली. गाठ कधीच कुजून गेली होती. पाटावरून ओनोफ्रेने विचारले, "काका, आज भर नाही घालत?"

"कुणासाठी?" तो म्हणाला.