ड्रायरच्या तोंडावरची जाळी

ही गोष्ट सांगायचं मी सोळा वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही. आमच्या लाँड्रीत आग कशी लागली असं कुणी विचारलं की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, "पत्र्याच्या पाइपाचा जोड ढिला राहिला होता." एवढं बोलून मी चहा मागवायचो. ते वाक्य खोटं होतं. आता पंच्याहत्तरी उलटली, आणि गेल्या महिन्यात सुनेने नवा ड्रायर आणला, तेव्हा ठरवलं की जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं.

पण आधी पहिला ड्रायर आला तो दिवस सांगू द्या. तो आठवला की अजून अंगात वारं शिरतं.

जळगावात आमची लाँड्री. एका हॉस्पिटलच्या चादरी आणि दोन लॉजचे टॉवेल हे आमचं मुख्य काम. पावसाळ्यात चादरी तीन-तीन दिवस दमट राहायच्या आणि हॉस्पिटलचे व्यवस्थापक रोज फोन करायचे. शेवटी सुरतेच्या एका बंद पडलेल्या लाँड्रीतून मी मोठा ड्रायर उचलला. माणूस उभा मावेल एवढा, पुढे गोल काचेचं दार. ट्रक गल्लीत शिरला तेव्हा अर्धी गल्ली बाहेर आली.

"काय आणलं हो भाऊ?"

"कपडे वाळवायचं मशीन."

"जळगावात?" समोरचा किराणावाला पोट धरून हसला. "अहो, इथं ऊन फुकट मिळतं, अंगावर घे म्हणतं, आणि तुम्ही ते विकत आणलं?"

मी पण हसलो. मला त्या दिवशी कुणाचंच वाईट वाटत नव्हतं. मशीन सहा जणांनी पाइपांवरून सरकवत आत नेलं. फरशीला उतार होता, तर एका पायाखाली लोखंडी पट्टी सारून, पाणसळीने पातळी बघून ते सरळ केलं. वायरमनने मागच्या अंगणात मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग केलं. आता राहिलं होतं ते गरम हवा बाहेर काढायचं काम, आणि त्यासाठी मी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचं दुकान घेऊन बसत. कूलरच्या बॉड्या, धान्याच्या कोठ्या, पन्हाळी, सगळं त्यांच्या हातचं. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण कामात एवढे मुरलेले की मी त्यांना एकेरी कधी बोललो नाही. जोड ही त्यांची शान. कोठी तयार झाली की ते गिऱ्हाइकासमोर तिच्यात पाणी भरत आणि म्हणत, "टपका दिखाव. एक टपका दिखाव."

त्यांनी ड्रायरला एक फेरी मारली. मागचं भोक पाहिलं. मशीनबरोबर आलेला चंदेरी कागदाचा लवचीक पाइप दोन बोटांत धरून उचलला.

"हे काय आहे भाऊ? सापाची कात?"

"त्याच्याबरोबरच आलाय."

"फेका. याच्या वळ्यांमध्ये लव बसेल. ओल्या कपड्यांतून बारीक लव सुटते ना, ती कापसासारखीच. आणि कापूस कसा पेटतो ते जळगाववाल्याला सांगायला नको."

मग त्यांनी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा पाइप बनवला. मी दुकान सोडून दिवसभर त्यांच्या मागे फिरत होतो. त्यांनी जवळची मागची भिंत निवडली, कारण पाइप जेवढा आखूड आणि सरळ तेवढं मशीन सुखी. वळण फक्त एक. प्रत्येक तुकड्याचं तोंड पुढच्या तुकड्याच्या आत जाईल असा जोड, हवेच्या दिशेने, म्हणजे आत कुठे कड उभी राहून लव धरणार नाही. मी विचारलं, "स्क्रू मारून घट्ट का नाही करत?" त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पुरणपोळीत मिरची घालायला सांगतोय.

"स्क्रूचं टोक आत जाणार. टोकावर लव अडकणार. मग लवेवर लव." त्यांनी जोडावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळली आणि अंगठ्याने दाबत नेली. "आणि हे मशीन जेवढी हवा बाहेर फेकेल तेवढी आत यायला पाहिजे. खिडकी बंद ठेवू नका. हवा को रास्ता दो भाऊ, नहीं तो वो अपना रास्ता बना लेगी."

बाहेरच्या तोंडाला त्यांनी हलकी झडप बसवली. हवा आली की उघडेल, थांबली की मिटेल. मी म्हटलं, "जाळी पण लावा, कबुतरं शिरतील."

"झडप आहे ना. जाळी कधीच नाही. जाळी म्हणजे लवेला बसायला खुर्ची."

पहिल्यांदा मशीन सुरू केलं तेव्हा त्यांनी मला मागे नेलं आणि वर्तमानपत्राची एक पट्टी झडपेसमोर धरली. मशीन घरघरलं, झडप टक् करून उघडली आणि पट्टी त्यांच्या हातातून सुटून भिंतीपलीकडे गेली. "उड गई!" मिस्त्री ओरडले. मीही ओरडलो. दोन मोठी माणसं कागदाच्या तुकड्यासाठी टाळ्या देत होती! चाळीस मिनिटांनी दार उघडलं. टॉवेल बाहेर काढला तर तव्यावरच्या भाकरीसारखा गरम. मी तो तोंडाला लावला, मिस्त्रींनी गळ्यात टाकला, बायकोने छातीशी धरला. किराणावालाही येऊन एक गालाला लावून गेला.

निघताना मिस्त्री एक गोष्ट बोलले होते. "भाऊ, तोंड शेजारच्या अक्कांच्या गच्चीकडे आहे. थोडी लव उडेल. त्या काही बोलल्या तर मला हाक मारा, मी तोंड वळवून खाली एक पेटी करून देतो. लव पेटीत पडेल, तुम्ही रोज साफ करा."

हे त्यांनी सांगितलं होतं. हे मला नीट आठवतं, म्हणूनच एवढी वर्षं बोललो नाही.

आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, जवळ आली. त्या दिवसांत आमच्याकडे गच्च्या मोकळ्या नसतात. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया. सणाला माहेरी आलेल्या लेकी परत जाताना डबे भरून घेऊन जातात, आणि डब्यात काय दिलं यावर सासरी वर्षभर बोललं जातं. शेजारच्या अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. पहाटेपासून ज्वारीचा घाटा शिजवून त्यांनी धोतरांवर बिबडे वाळत घातले होते. अकरा वाजता त्यांचा आवाज आला.

"ओ भाऊ! हाई काय शे? मना बठ्ठा बिबडासवर कापूस पडी राह्यना!"

मी वर गेलो. खरंच, ओल्या बिबड्यांवर पांढरी लव चिकटली होती.

"हॉस्पिटलन्या चादरी ना त्या?" अक्का म्हणाल्या. "लेकले काय देऊ, रोग्यासना कापूस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अक्का, दुपारच्या आत बंदोबस्त करतो."

मिस्त्रींकडे गेलो तर त्यांच्या दुकानासमोर कूलरवाल्यांची रांग. पारा पंचेचाळीसला टेकलेला, जो तो हातघाईवर आलेला. ते म्हणाले, "परवा येतो भाऊ, पक्का." परवा! आणि मी अक्कांना दुपारचा शब्द दिलेला. घरी खिडकीच्या डासांच्या जाळीचा तुकडा पडला होता. मी झडप वर बांधून टाकली, तोंडावर जाळी ताणली आणि तारेचे चार वेढे देऊन आवळली. लव थांबली. अक्कांनी पाच बिबडे पाठवले. ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा मी दुकानातूनच म्हटलं, "झालं काम, अक्का शांत आहेत." ते गडबडीत होते, निघून गेले.

मी रोज जाळी साफ करणार होतो. दोन दिवस केली. मग विसरलो. मग कपडे वाळायला वेळ लागू लागला. चाळीस मिनिटांचं काम तासावर गेलं, मशीनचं अंग हात लावू देईना. मी व्होल्टेजला शिव्या घातल्या. गुदमरलेलं मशीन मला हाका मारत होतं आणि मी वायरमनला फोन करत होतो.

आठवडाभराने, भर दुपारी, जळक्या कापसाचा वास आला. मागे धावलो तर पाइपाचं तोंड लाल आणि जाळीतून आगीच्या जिभा. मी मेन स्विच पाडला. बायको ओल्या चादरी ओढत आली, किराणावाला आपल्या दुकानातलं लाल नळकांडं घेऊन आला, अक्का गच्चीवरून सूचना देत होत्या. दहा मिनिटांत आग विझली. चादरींचा एक घाणा गेला, भिंत काळी झाली, माणसं सगळी धड. आम्ही सगळे घामाने निथळत, खोकत, एकमेकांना "वाचलो, वाचलो" म्हणत होतो.

आणि सगळे पुढे चहाला गेले तेव्हा मी शिडी लावली, तारेचे वेढे कापले आणि ती जळकी जाळी मागच्या उकिरड्यात खोल खुपसली.

संध्याकाळी हॉस्पिटलचे व्यवस्थापक आले. त्यांच्या चादरी जळल्या होत्या. "हे कसं झालं? तुमचा निष्काळजीपणा असेल तर मला दुसरीकडे बघावं लागेल." त्यांनी हे शांतपणे विचारलं होतं. आणि मी ते वाक्य पहिल्यांदा बोललो. "पत्र्याच्या पाइपाचा जोड ढिला राहिला होता."

ते म्हणाले, "त्याच मिस्त्रीला आम्ही नव्या इमारतीचं पत्र्याचं काम देणार होतो. बरं झालं कळलं."

मी गप्प राहिलो. माझं काम टिकलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. थेट शिडी चढले. सगळे जोड एकेक करून तपासले. मग तोंडापाशी थांबले. तिथे सगळीकडे काजळी होती, फक्त कडेला बोटभर रुंदीचा पत्रा स्वच्छ चमकत होता. तारेच्या वेढ्यांची जागा. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"भाऊ, इथं काही बांधलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

ते वरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा." त्यांनी पाइप नवा करून दिला, तोंड वळवलं, खाली पेटी बसवली, आणि मजुरी घेतली नाही. ज्याचा जोड ढिला तो मजुरी कशी घेणार? गल्लीत बोललं जातच होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या दुकानासमोर कूलरवाल्यांची रांग लागली नाही. पावसाळ्याआधी ते धुळ्याला मेहुण्याच्या दुकानात गेले.

गेल्या महिन्यात सुनेने नवा ड्रायर आणला. आता लाँड्री तीच बघते. बसवायला आलेला माणूस मागे तोंडाशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, पक्षी शिरतात, बारीक जाळी मारून देतो."

"जाळी नाही!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सुनेच्या हातातला कप हिंदकळला.

"अहो नाना, काय झालं?"

"पाइप धुळ्याचे मिस्त्री करतील. दुसरं कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस धरली. सबंध रस्ता ओठांत कबुलीचं वाक्य घोळवत गेलो. महामार्गाजवळचं दुकान सापडलं. मिस्त्री पांढरे झाले होते, पण हातात तीच लाकडी मोगरी. मला पाहिलं आणि उठलेच. "अरे भाऊ! मशीन कसं आहे?" माणसाच्या आधी मशीनची चौकशी! मी म्हटलं, "नवीन आलंय, तुम्ही चला." त्यांनी मेहुण्याला हाक मारली, "मेरी कैंची ला!"

दुपारपर्यंत आम्ही दोघं जळगावात. काय सांगू तो दिवस. सत्तरीच्या आसपासचे दोन म्हातारे, एक पत्रा कापतोय, एक धरतोय. आखूड पाइप, एकच वळण, जोड हवेच्या दिशेने, स्क्रू एकही नाही, खाली पेटी, खिडकी उघडी. शेवटी मिस्त्रींनी वर्तमानपत्राची पट्टी मागितली. झडप टक् करून उघडली. "उड गई!" आम्ही दोघे एकदमच ओरडलो आणि सून हसत सुटली.

मिस्त्री तिला म्हणाले, "बेटी, प्रत्येक घाण्यानंतर मशीनमधली चाळणी साफ कर, पेटी रोज. आणि या तोंडावर जाळी कधीच बांधायची नाही."

"का हो चाचा?"

त्यांनी पेटीचं झाकण लावता लावता माझ्याकडे पाहिलं. "भाऊंना विचार. भाऊंना माहीत आहे."

एवढं मोठं दार त्यांनी माझ्यासाठी उघडून धरलं होतं. मी म्हटलं, "लव अडकते." आणि चहा मागवला.

संध्याकाळी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. धुळ्याची बस लागली. ते खिडकीशी बसले. सून त्यांच्या हातात गरम टॉवेलची घडी देऊन गेली होती, ती मांडीवर होती.

"मिस्त्री," मी खालून म्हटलं.

"बोला भाऊ."

"पाण्याची बाटली घेतली ना?"

त्यांनी बाटली वर करून दाखवली. बस निघाली.

मला म्हणायचं होतं, मिस्त्री, तुमचा जोड घट्ट होता. एकही टपका गळला नसता. जाळी मी बांधली होती, मीच काढून लपवली आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा.