आधी बटण, मग दांडी

सायकलच्या दुकानात किस्से कसे साठतात? पंक्चर झालेल्या ट्यूबांसारखे! टाकवत नाहीत, कोपऱ्यातला ढीग वाढत जातो. सासऱ्यांनी हे दुकान काढलं तेव्हा कोल्हापुरात मोठी माणसं सायकल चालवायची. आता मोठ्यांना सायकल नको, जिम पाहिजे. म्हणून आम्ही फक्त लहान मुलांच्या गाड्या ठेवतो, आणि त्यात खप सगळा तीनचाकीचा. स्वतःची मोटार अर्ध्या तासात ठरवणारे आईबाप पोराच्या तीनचाकीला दोन रविवार लावतात.

हसण्यासारखे किस्से आधी सांगते. बाकीचे सांगताना मला अजून नीट हसता येत नाही.

*

हल्लीची तीनचाकी म्हणजे वाढत्या अंगाचा कपडा. वर्षाच्या बाळासाठी मागं ढकलायची दांडी, कमरेला पट्टा, डोक्यावर छत. पोर मोठं होईल तसं एकेक काढत जायचं. पुढच्या चाकाशी एक लाल बटण असतं. ते बाहेर असलं की पोराचं हँडल आणि पेडल नुसतं गरगर फिरतं, गाडी वळते ती मागच्या दांडीनं. बटण आत दाबलं की गाडी पोराच्या ताब्यात.

हे गिऱ्हाइकाला समजावायचे यशवंतमामा. उचगावचे, सासऱ्यांच्या काळापासूनचे आमचे फिटर. त्यांचा मंत्र एकच, "आधी बटण, मग दांडी! बटण न दाबता दांडी काढली तर गाडी कुणाचीच ऱ्हात न्हाय."

एकदा एका बापानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पावशेर दुधात दोन गल्ल्या!"

*

आमच्या दुकानाची फरशी दाराकडं उतरती आहे. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून सासऱ्यांनीच तशी करून घेतली. दाराबाहेर दोन पायऱ्या आणि पायऱ्यांना लागून रस्ता. दिवसभर रिक्षा आणि बस. लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या उताराची धास्ती. "दाराला जाळी बसवूया," असं मी दर महिन्याला म्हणायची.

"कशाला सूनबाई? मी हाय की!" मामा म्हणायचे. जाळी आता आहे. तेव्हा नव्हती.

मामांचा नियमच होता, विकायच्या आधी प्रत्येक पोराला एक फेरी. मागच्या भिंतीपासून निघायचं, उतारानं दारापर्यंत यायचं, उंबऱ्यापाशी "वळा पावणं!" म्हणत डावीकडं वळायचं आणि मामांच्या लोखंडी स्टुलापाशी थांबायचं. मग बटण दाबून दाखवायचं. टक्! "आता गाडी तुमची." दीड वर्षाच्या शेंबड्या पोराला पावणं म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पोरंही अशी ऐटीत बसायची की विचारू नका.

*

एकदा तालमीतला एक पैलवान भाच्यासाठी गाडी बघायला आला. दार भरून उभा! बटणाचं ऐकून म्हणाला, "ह्यात काय एवढं?" भाचा बसलेला असतानाच त्यानं अंगठा लावला. दाबेना. दोन्ही अंगठे लावले. कपाळावर घाम आला, सगळं दुकान बघायला लागलं.

मामांनी एका हातानं पुढचं चाक करंगळीएवढं वर उचललं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवला. टक्!

"पैलवान, हितं जोर चालत न्हाय. पोरगं वर बसल्यालं असलं की चाक उचलल्याबिगर बटण आत जात न्हाय."

पैलवान हळूच म्हणाला, "मामा, तेवढं तालमीत सांगू नका." अजून सांगितलेलं नाही. म्हणजे, तालमीत.

*

राधानगरीकडचे एक आजोबा आले होते, डेअरीला दूध घालणारे. फेरीसाठी ठेवलेल्या लाल गाडीभोवती त्यांनी म्हैस बघावी तशी चक्कर मारली. वाकून खालून बघितली, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "हिला खोड काय हाय?"

"डावीकडं वळती आन् स्टुलापाशी थांबती," मामा म्हणाले. "बाकी गरीब हाय!"

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

*

माझी मुलगी रेवा. तिच्या बारशाला मामा घरी आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि मला बजावलं, "हिची पयली फेरी माझी. तवर कुठल्या गाडीवर बसवायची न्हाय!"

रेवा सात महिन्यांची असताना मामा गेले. उचगावात, घरच्या अंथरुणात, झोपेतच.

त्यानंतर माझ्या हातून एक काम होईना. अख्ख्या शहराच्या पोरांना गाडी निवडून देणारी मी, माझ्या पोरीला एक गाडी निवडून देऊ शकत नव्हते. नवरा, अजित, चिडवायचा, "दुकानदाराची पोरगी काय पायीच फिरणार?" मी म्हणायची, रंग ठरत नाही. कसला रंग! मामांची फेरी दुसऱ्या कुणी मारायची, हा विचारच मला नको व्हायचा. रेवाला मी दुकानात आणायची, पण गाडीवर कधी बसवली नाही.

*

मामांच्या जागी सुरेखा आली. माहेर कबनूरचं, बोलायला फटकळ, कामाला वाघ. आठ दिवसांत फेरी मारायला शिकली. एके दिवशी मला म्हणाली, "वैनी, ही पोरं मागं का बघत्यात ओ?"

"तू मागं असतेस म्हणून."

"मी दांडी धरून उजव्या अंगाला चालतो की. ती डावीकडं बघत्यात!"

मी हसण्यावारी नेलं. मग मुद्दाम लक्ष ठेवलं. त्या दिवशी चार पोरं गाडीवर बसली. पहिली तिघं मान वळवून डाव्या खांद्यावरून मागं, वर बघत होती. मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघतात तशी. चौथं रडत होतं. उंबऱ्यापाशी आल्यावर तेही डावीकडं मागं बघायला लागलं आणि गप्प झालं.

सुरेखा माझ्याकडं बघत होती. मी बिलबुक उघडलं.

*

लाल गाडी आम्ही रोज दुकान बंद करताना मागच्या भिंतीला लावायचो. सकाळी शटर वर केलं की ती स्टुलापाशी! एकदा झालं, दोनदा झालं. सुरेखानं चाकाखाली वीट लावली. सकाळी वीट भिंतीपाशी आणि गाडी स्टुलापाशी.

अजितला सांगितलं. तो इंजिनिअर. "उतार आहे, दुसरं काय?" असं म्हणून त्यानं बाहेर खेळणाऱ्या पोरांकडून तीन गोट्या घेतल्या आणि एक भिंतीपासून सोडली.

गोटी सरळ दाराकडं गेली, उंबऱ्यावरून उडी मारून पायऱ्यांवरून टणटणत रस्त्यावर पडली. वरून एक रिक्षा गेली.

अजितनं दुसरी गोटी सोडली. तीही सरळ रस्त्यावर. तिसरी खिशात घालून तो म्हणाला, "चहा मागव." पुन्हा त्यानं हा विषय काढला नाही.

*

रेवा दीड वर्षाची झाली तेव्हाचं हे. शनिवार, भर दुपार. एक जोडपं गाडी बघत होतं. बाई म्हणाल्या, "दांडी काढल्यावर कशी दिसते, दाखवा की."

मी मागच्या भिंतीपाशी उभ्या लाल गाडीची दांडी ओढून काढली आणि काउंटरवर ठेवली. बटण दाबलं नाही. वर्षानुवर्षं रोज ऐकलेलं वाक्य, आणि मीच विसरले! त्यांना निळा रंग बघायचा होता, म्हणून मी माळ्यावरचं खोकं काढायला शिडीवर चढले. खाली सुरेखा शिडी धरून उभी. रेवा मागच्या भिंतीपाशी घंट्यांच्या झाकणांशी खेळत होती. निदान मला तसं वाटत होतं.

खोकं ओढताना खाली नजर गेली. रेवा लाल गाडीवर बसली होती. आणि गाडी निघाली होती.

तिचे पाय लोंबकळत होते. हँडल तिच्या हातात नुसतंच गरगरत होतं. गाडी सरळ दाराकडं, गोटीच्या वाटेनं. सुरेखा शिडी सोडून धावली ती मधल्या खोक्यांना अडखळून पडली. जोडपं होतं तिथंच खिळलं. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता, जवळ जवळ येत होता. मला दोन पायऱ्या दिसत होत्या आणि माझं पोर दिसत होतं. बाकी काही दिसत नव्हतं.

उंबऱ्यापाशी गाडी वळली.

डावीकडं. सावकाश, घाई न करता. दारासमोरून बस धडधडत निघून गेली. गाडी स्टुलापाशी आली आणि थांबली.

मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. दांडी काउंटरवर ठेवली होती तिथंच होती. रेवाचे दोन्ही हात हँडलवर होते. मान डावीकडं मागं वळवून ती वर बघत होती, आणि खुदूखुदू हसत होती.

मी हात पुढं केले. मी तिच्यापासून दोन पावलांवर होते, तेव्हा गाडीचं पुढचं चाक करंगळीएवढं वर उचललं गेलं.

टक्!