कातळाकडची कपाशी

शेणात सरकी चोळायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बाईमाणूस मी एकटीच. लग्न होऊन मालवणजवळच्या कट्टा गावी आले तेव्हा नवरा बोटीवर नोकरीला होता. सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणायची.

आमच्याकडे भात, नाचणी, कुळीथ. कापूस पाहिलेला तो गादीत नाहीतर वातीत. पण तेव्हा गावोगाव नव्या योजना यायच्या. शेतकीचे एक साहेब जीपमधून उतरले, ओटीवर बसले आणि भात कापून मोकळ्या झालेल्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, कपाशी लावायची हे मामांच्या गळी उतरवून गेले. ‘पुढारलेले शेतकरी’ असं त्यांनी मामांना दोनदा म्हटलं. मामा तेवढ्यावरच विरघळले.

सरकीला तंतू असतात, बिया एकमेकींना चिकटतात, म्हणून शेणकाल्यात चोळून त्या सुट्या करायच्या. ते एक वेळ ठीक होतं. पण साहेबांच्या सांगण्यावरून मालवणहून बैलगाडीभर कुजक्या तारल्या आल्या, खत म्हणून. माझा जन्म समुद्राकाठचा, मासळीच्या वासाला मी नाक मुरडणारी नव्हे. पण त्या तारल्यांतून पाणी सुटलं होतं, त्यात अळ्या वळवळत होत्या. जेवायला बसले की बोटांना तोच वास. कितीतरी दिवस मी घास चमच्याने खाल्ला.

रोपं उगवली तेव्हा मात्र मला बरं वाटलं. जाड, गुबगुबीत दोन पानं मातीतून वर येत. मग पौषात थंडी पडली. एरवी आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी चादर अंगावर घेण्यापुरती. त्या वर्षी हात आखडत होते, कुणग्यावर धुकं बसून राहत होतं. रोपांची वाढ थांबली. पानं मलूल झाली. मामांनी ठरवलं, पाणी कमी पडतंय.

“संध्याकाळचा पण घाल गो,” ते म्हणाले.

मी विहिरीवरून कळशा वाहिल्या. संध्याकाळचं ते पाणी रात्रभर गार होऊन मुळांशी साचे. सकाळी पाहावं तर रोपं आडवी. एक उपटलं, तर बुडाशी तपकिरी, बुळबुळीत. बोटांत साल निघून आली. खाली घाण वास.

“मामांनू, मुळां कुसतत. पाणी बंद करूया.”

“साहेबान सांगल्यान तसा करूचा. तुका काय कळता?”

कुणग्याच्या वरच्या टोकाला कातळ आहे. तिथे माती जेमतेम. “तो कोपरो सोड,” मामा पहिल्यापासूनच म्हणाले होते, “थंय पाणी घालून उपयोग नाय.” म्हणून तिथल्या रोपांना मी एक थेंबही घातला नव्हता. ती खुजी राहिली. देठ लालसर, पानं लहान आणि काळपट हिरवी. दुपारी पानं खाली पाडून मान टाकल्यासारखी उभी राहायची, संध्याकाळी पुन्हा सावरायची. खाली कुणग्यात थंडीने आणि साचल्या पाण्याने रोपं पटापटा मेली. ही तहानलेली मात्र तग धरून राहिली. पाण्याशिवाय दिवस काढायची सवय झाली होती, तीच थंडीतही कामी आली असावी. मला त्यांचा लळा लागला. रोज सकाळी आधी तिकडेच जायची.

मग साहेबांचा निरोप आला. वरचे मोठे अधिकारी बघायला येणार, फोटो काढणार. आदल्या दिवशी साहेब स्वतः हजर. मेलेला कुणगा बघून त्यांच्या कपाळावर एक आठीसुद्धा पडली नाही. कातळाकडे बोट दाखवून म्हणाले, “ती रोपं काढून इथे पुढच्या ओळीत लावा. फोटोपुरती उभी राहिली म्हणजे झालं.”

मामांनी खुरपं माझ्या हातात दिलं. मी एक रोप उकरायला घेतलं. झाड माझ्या वितीएवढं, पण मूळ कातळाच्या फटीत शिरून खाली, आणखी खाली गेलेलं. टोक सापडेना. मी खुरपं ठेवलं.

“माका ह्या जमूचा नाय.”

मामांनी स्वतः उपटली. कट् कट् असा आवाज येत होता मुळं तुटताना. मी घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हार झाले, फोटो झाला. मामा नवी टोपी घालून त्या ओळीमागे उभे होते. जीप गेल्यावर मी बघायला गेले तर रोपं चिखलात तोंड घालून पडलेली. मामा आनंदाने जेवले, आमटी मागून घेतली. मला वाढताना त्यांच्या ताटाकडे बघवेना. तारल्यांचीसुद्धा एवढी शिसारी आली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात साहेब परत आले. नवं बियाणं, नवी गोडगोड बोलणी. मी माजघराच्या दारातून मोठ्याने म्हटलं, “यंदा पाणी घालायला साहेबांनी माणूस घेऊन यावं. मी घालणार नाही.”

साहेब हसले. “सूनबाई रागावलेल्या दिसतात.”

मला वाटलं, मामा आता ओरडतील. पण ते साहेबांकडे वळले. मग म्हणाले, “साहेब, यंदा आम्ही चवळीच घालतो.” आणि साहेबांसाठी शहाळं आणायला, ते काम मला न सांगता, स्वतःच उठून माडाकडे गेले.