शेवंताचं सुतक

शेवंता गेल्याचं मला बंगल्याच्या मालकांनीच फोनवर सांगितलं. "मावशी, शेवंता सकाळी उठलीच नाही. शनिवारी पाहुणे यायचेत, दुसरी बाई मिळेल का?" एका दमात म्हणाले. मी फोन ठेवला...

शेवंता माझी धाकटी जाऊ. मळवलीच्या त्या बंगल्यात तिनं तीस वर्षं काढली. मालक शहरातले, अधूनमधून मुक्कामाला यायचे; एरवी बंगला पाहुण्यांना भाड्यानं जायचा आणि किल्ल्या शेवंताकडंच असायच्या. गोड बाई नव्हती. भांडायची, चुगल्या करायची. पण काम चोख. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, शेवंता आमची फॅमिली आहे. आणि तिचा कान तुटलेला कप स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला पालथा असायचा. चहा ती पायरीवर बसून प्यायची.

मी चौथी शिकलेली, पण फॅमिली हा शब्द मला ठाऊक होता. दवाखान्यात फॅमिली प्लॅनिंग म्हणजे ऑपरेशन. लोणावळ्याच्या हॉटेलात फॅमिली रूम म्हणजे पडद्यामागची जागा. माझा नवरा चारचौघांत 'आमची फॅमिली' म्हणायचा, ती मी एकटी. शेवंताची नात तळेगावला कॉलेजात आहे. तिनं एकदा जाड पुस्तकात बघून सांगितलं, की हा शब्द लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून आला आणि तिथं मुळात तो घरच्या नोकरांसाठी, गुलामांसाठी होता. शेवंता पोट धरून हसली. "म्हंजी शेठ खरंच बोलतोय की गं." मला हसू आलं नाही.

तिला घरी आणायला बंगल्यावर गेले तेव्हा तिच्याकडच्या किल्ल्यांबरोबर तो कपही उचलला. आमच्या अंगणात तिला उचलायच्या आधी मालक चार शब्द बोलले. पुन्हा तेच, ती आमची फॅमिली होती. मी म्हटलं, "मग धा दिस सुतक धरा, शेठ. सुतकाच्या घरात पाव्हणं उतरत न्हाईत." सगळा गाव ऐकत होता. त्यांनी मान डोलावली.

तरी शनिवारी पाहुण्यांची गाडी फाटकाशी आलीच. किल्ल्या माझ्या कमरेला. फोन वाजत राहिला... गावातलं एक माणूस तिकडं फिरकलं नाही. गाडी परत गेली.

अकराव्या दिवशी मालक किल्ल्या मागायला आले. मी त्यांना पायरीवर बसवलं, शेवंताच्या कपात कडक चहा दिला. त्यांनी कप ओळखला. धरायला कान नाही, बोटं पोळायला लागली.

"मावशी, दुसरा कप..."

"हितं फॅमिलीला ह्योच कप हाय."

सगळा प्यायला लावला, मग किल्ल्या दिल्या. शेवंतासाठी मी रडले नाही. ती पोळलेली बोटं बघितली, तेवढं मला पुरलं.

कप आता माझ्या खिडकीत आहे, आतल्या बाजूला. रोज सकाळी मी त्यातच चहा घेते. बोटं पोळतात. तीस वर्षं ती तो कसा धरत होती, हे मीही तिला कधी विचारलं नव्हतं.